दोन पेरांचं माप

दिग्ना आयोवीने आयुष्यात दोघींचंच ऐकलं, एक तिची आई आणि दुसरी ओहोटी. आई जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हापासून फक्त ओहोटीचं. बाकी ला गार्सा गावात सगळ्यांनी दिग्नाचं ऐकायचं असा रिवाजच पडला होता. ज्यांना तो पटत नसे तेही पाळत, कारण दिग्नाशी वाद घालत बसलं की ओहोटी निघून जाते आणि टोपली रिकामी राहते.

गावाच्या एका अंगाला खाडी आणि तीन अंगांना कांदळवन. पाणी उतरलं की बायका होड्या घेऊन त्यात शिरायच्या, नारळाच्या सोडणाची धुरी करून डास हाकलायच्या आणि मुळांच्या कमानींखाली वाकून, कोपरापर्यंत हात चिखलात घालून काळे खुबे, म्हणजे चिखलातले शिंपले, काढायच्या. आयांनी केलं, आज्यांनी केलं, तेच त्यांनीही केलं. या खुबेवाल्या बायकांची एक संघटना होती आणि अकरा वर्षं दिग्ना तिची प्रमुख होती. नियम थोडेच होते, पण कडक. मूळ तोडायचं नाही. खाडीच्या बंद ठेवलेल्या फाट्यात पाऊल घालायचं नाही. आणि लहान खुबा आणायचा नाही, सापडला तर तिथल्या तिथे चिखलात परत ठेवायचा. जी आणेल तिला चार उधाणं, म्हणजे दोन महिने, कांदळवन बंद.

लहान म्हणजे किती? तर तर्जनीच्या दोन पेरांपेक्षा कमी. टोकापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत बोट खुब्याला लावायचं, खुबा तेवढा भरला तर टोपलीत, नाही तर चिखलात. धक्क्यावर सरकारने कधीकाळी एक फलकही लावला होता, त्यावर साडेचार सेंटिमीटर असं लिहिलं होतं. त्या फलकाचा उपयोग सगळ्यात जास्त दिग्नालाच होत असे, ती त्यावर कपडे वाळत घालायची. चिखलात पट्टी नेतं कोण? बोट बरोबरच असतं, विसरत नाही आणि बुडत नाही.

इतकं सगळं शिस्तीत चाललेलं असताना दिग्नाला घोर एकच होता. तिचे हात आता साथ देत नव्हते. सांधे सुजायचे, सकाळी मूठ वळायची नाही. त्यात चार वर्षांपूर्वी चिखलातल्या बेडूकमाशाने उजव्या तर्जनीला काटा मारला होता, ते बोट तेव्हापासून वाकडं ते वाकडंच. तिचे दोन्ही मुलगे ग्वायाकिल शहरात नोकरीला गेलेले, एक सून तर खुब्याच्या वासानेच नाक मुरडायची. स्वतःच्या पोटाची चिंता दिग्नाला नव्हती. चिंता होती ती कांदळवनाची. दक्षिणेकडच्या गावांत बायकांनी जाणं सोडलं आणि दहा वर्षांत तिथे कोळंबीची तळी झाली. ज्या जंगलात कुणी जात नाही, ते जंगल गेलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणि गावातली पोरं तर कांदळवनाकडे फिरकत नव्हती. ती कशी फिरकतील? लहानपणापासून आयांनीच त्यांना तुंदाची भीती घातलेली. तुंदा म्हणजे रानातली बाई, आईचं रूप घेऊन पोरांना हाका मारते, एक पाय माणसाचा आणि दुसरा ताक घुसळायच्या रवीसारखा. दूध पीत नाहीस, थांब, तुंदा येईल. चिखलात गेलास तर तुंदा नेईल. दहा वर्षं असं घाबरवायचं आणि मग फोनवर बोटं चालवणाऱ्या पोराकडे बघून म्हणायचं, आजकालच्या मुलांना निसर्गाची आवडच नाही. याला काय म्हणावं?

म्हणून शाळेतल्या फानीबाईंनी विचारलं, दर शनिवारी मुलांना कांदळवनात न्याल का, तेव्हा दिग्नाने त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं.

आया बिथरल्या. सगळ्यात जास्त बिथरली मार्लेनी कोरोसो. ही दिग्नाची कोमाद्रे, म्हणजे मार्लेनीच्या मुलीला, दाइराला, बाप्तिस्म्याच्या वेळी दिग्नानेच हातांवर धरलं होतं आणि त्या दिवसापासून ती दाइराची माद्रीना, धर्माची आई, झाली होती. आमच्याकडे हे नातं रक्ताच्या नात्याहून पातळ मानत नाहीत. पण मागच्या वर्षी मार्लेनीच्या टोपलीत पाच लहान खुबे निघाले होते. पाचच. मार्लेनीने हातापाया पडून सांगितलं, घाईत राहिले, भरती आली होती. दिग्नाने तिला चार उधाणं घरी बसवलं. नवरा समुद्रावर, घरात तीन तोंडं, आणि दोन महिने मार्लेनी लोकांचे कपडे धूत होती. त्यानंतर दोघी एकमेकींना कोमाद्रेच म्हणत, पण त्या शब्दातलं दूध नासलं होतं.

मार्लेनीने सभेत सरळ सांगितलं की तिची पोरगी नर्स होणार आहे, चिखलात कुबडी होऊन मरण्यासाठी तिने तिला जन्म दिलेला नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. शेवटी फानीबाईंनी मध्यम मार्ग काढला. तीन महिने मुलांनी फक्त बघायचं, शिकायचं, काढायचं काही नाही. दोन वर्षं बंद ठेवलेला फाटा ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी मुलांनीही पहिल्यांदा टोपली घेऊन उतरायचं. त्या दिवशीचं बघून आया ठरवतील, शनिवार चालू ठेवायचे की बंद करायचे.

पहिल्या शनिवारी बारा मुलं आली, त्यांतली अर्धी डोळे मिटूनच होडीत बसली. होसुए नावाच्या एका धिटुकल्याने विचारलं, तुंदा खुबे खाते का? दिग्ना म्हणाली, "चिखलात येईल कशी ती? रवीचा पाय रुतला की आपल्यालाच बोलवेल, काढा म्हणून." होडीभर हशा पिकला आणि त्या हशात तुंदा जी गेली ती परत आली नाही.

मग दिग्नाने त्यांना काय काय दाखवलं. पाणी उतरताना मुळांवर चढणारे खेकडे. चिखलाचा वास कुठे गोडसर आणि कुठे कुजका, आणि कुठल्या वासाखाली खुबा असतो. कांदळाची लांब शेंग झाडावरच कशी रुजते आणि मग सुरीसारखी खाली पडून चिखलात उभी राहते. जिथलं कांदळ पूर्वी कुणी तोडलं होतं तिथे मुलांनी अशा दोनशे शेंगा लावल्या आणि प्रत्येकाने आपल्या रोपाला नाव ठेवलं. होसुएच्या रोपाला एका फुटबॉलपटूचं नाव मिळालं आणि ते पहिल्याच भरतीत वाहून गेलं, तेव्हा तो खराखुरा रडला.

दाइराचं वेगळंच. नऊ वर्षांची, काटकुळी, बोलायला कंजूष. तिच्याकडे एक वही होती, त्यात ती सगळं मोजून लिहायची. एका मुळाखाली खेकड्यांची बिळं सतरा. रोपाला पानं चार, पुढच्या शनिवारी सहा. पट्टी वहीतच ठेवलेली. होडीतून उतरताना वही डोक्यावर टोपीखाली ठेवायची. आईने सांगितलं होतं, जा, पण अंगाला चिखल लागता कामा नये, त्यामुळे ती मुळांवरून मांजरासारखी चालायची. दिग्ना ते बघत राहायची. हे पोर या जंगलाचं आहे, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. अशी पोर हातची जाऊ द्यायची नाही, एवढंच आता तिला हवं होतं.

फाटा उघडायचा तो शनिवार उजाडला. पौर्णिमेची ओहोटी, सकाळी नऊलाच पाणी पार उतरलेलं. तीस बायका आणि बारा मुलं फाट्यात शिरली. दिग्नाने मुलांना शेवटचं बजावलं. मूळ तोडायचं नाही, एका खड्ड्यात दोनदा हात घालायचा नाही, आणि दोन पेरांपेक्षा लहान दिसला की परत. मुलांनी एका सुरात तर्जन्या वर केल्या.

दोन वर्षांची विश्रांती मिळालेला चिखल होता तो. हात घालावा तिथे खुबा. बायकांची गाणी सुरू झाली, मुलं किंचाळत होती, आणि दाइरा, तीच दाइरा, खांद्यापर्यंत चिखलात होती आणि तिला त्याचं भानही नव्हतं. दिग्नाने ते पाहिलं आणि दुखऱ्या बोटांनी दुप्पट वेगाने काम केलं.

अकराच्या सुमारास सगळे धक्क्यावर आले. रिवाजाप्रमाणे प्रत्येकीने आपली टोपली बदामाच्या झाडाखाली ओतली. मोठ्यांचं दिग्नाने बघितलं. मग मुलांच्या टोपल्या पालथ्या झाल्या आणि बायका पुढे वाकून बघू लागल्या.

मार्लेनी पुढे आली. होसुएच्या ढिगातला एक खुबा तिने उचलला, त्याला आपली तर्जनी लावली. बोट खुब्याच्या बाहेर चांगलं नखभर उरलं. दुसरा उचलला, तसाच. दाइराच्या ढिगातला उचलला, तोही तसाच.

"तीन महिने हेच शिकवलंस का, कोमाद्रे?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला. "माझे पाच होते. हे किती आहेत ते मोज."

मुलांना काहीच कळेना. होसुए कळवळून म्हणाला की आम्ही प्रत्येक खुब्याला बोट लावून बघितलंय, एकही लहान नाही. आणि त्याने लावून दाखवलं. त्याची मळकी तर्जनी, तिची दोन पेरं, आणि खुबा बरोबर तेवढा. नऊ वर्षांच्या बोटाला पुरा.

दिग्नाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिच्या आईने तिला दोन पेरं सांगितली तेव्हा दिग्ना चौदा वर्षांची होती आणि तिचे हात पुरुषासारखे होते. नऊ वर्षांच्या पोराच्या हातात हे माप याआधी कुणी दिलंच नव्हतं. तिने सगळ्यांना सांगितलं, चूक मुलांची नाही, माझी आहे, माझं बोट आणि त्यांचं बोट एक नाही हे मला सुचायला हवं होतं. बायकांनी हुश्श केलं. कुणीतरी हसलंसुद्धा. गोष्ट तिथेच मिटली असती.

"बघा, असं," दिग्ना मुलांना म्हणाली आणि तिने आपल्या ढिगातला एक खुबा उचलून त्याला तर्जनी लावली. "मोठ्या माणसाची दोन पेरं."

दाइरा तोवर वही उघडून बसली होती. तिला आता प्रत्येकाची दोन पेरं लिहायची होती. होसुएची झाली, साडेतीन. स्वतःची झाली, साडेतीनला थोडी कमी. मग ती आईकडे गेली, मार्लेनीची चार आणि सात रेघा. मग म्हणाली, "माद्रीना, बोट द्या ना."

दिग्नाने बोट दिलं. दाइराने पट्टी लावली. मग पट्टी काढून परत लावली. मग ती पट्टीकडेच बघत राहिली आणि लिहीना.

"किती?" फानीबाईंनी विचारलं.

"चार," दाइरा म्हणाली. इतक्या हळू की मागच्यांना ऐकूच गेलं नाही.

ज्यांना ऐकू गेलं त्यांची नजर आपसूक फलकाकडे वळली. त्यावर दिग्नाचा झगा वाळत होता, पण साडेचारचा आकडा झग्याच्या खालून दिसत होता.

दिग्ना आपल्या बोटाकडे बघत उभी राहिली. वरचं पेर बाहेरच्या बाजूला झुकलेलं, सांधा सुपारीएवढा. चार वर्षं ती त्याच बोटाने मापत होती. बोट झिजलं, वाकलं, आखडलं, आणि त्याच्याबरोबर माप आखडत गेलं, हे तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं. दुसऱ्यांच्या टोपल्या तपासताना याच बोटाने ती तपासत आली होती. याच बोटाने मार्लेनीला दाखवलं होतं, घरी बस म्हणून.

दाइराने वर बघितलं. तिचे डोळे भरले होते. "पट्टी सरकली असेल," ती म्हणाली. "माझा हात ओला आहे. सरकली असेल, माद्रीना."

खरं सांगायचं तर त्या क्षणी सगळ्यांनाच ते चाललं असतं. अकरा वर्षांच्या मानाचा प्रश्न होता. दोनतीन बायका पुटपुटल्याही, पोरीची पट्टी ती, शाळेची, खरी कशावरून. मार्लेनीसुद्धा जमिनीकडे बघत होती. दिग्नाने फक्त मान हलवायची होती. पण समोर नऊ वर्षांचं पोर तिच्यासाठी आयुष्यातलं बहुधा पहिलं खोटं बोलत होतं, तेही ज्या एका गोष्टीवर त्याचा विश्वास होता त्या मोजण्याबद्दल. ते खोटं आज खपलं तर तीन महिने कशासाठी घातले? दोनशे शेंगा कशासाठी लावल्या?

दिग्ना खाली बसली, तिने हात अंगातल्या झग्याला पुसला आणि बोट पुन्हा पुढे केलं. "कोरडं आहे आता," ती म्हणाली. "परत माप. सावकाश."

दाइराने मापलं. एक अश्रू पट्टीवर पडला, तो तिने मनगटाने पुसला. "चारच," ती म्हणाली.

"लिही."

दाइराने लिहिलं.

मग दिग्नाने फानीबाईंना आणि दाइराला आपला ढीग पट्टीने मोजायला लावला. एकशेदहा खुबे, त्यांतले चौतीस लहान. ती ऐकत होती आणि एकेक आकडा तिला चापट मारल्यासारखा लागत होता. मोजून झाल्यावर ती मार्लेनीपुढे जाऊन उभी राहिली. अशी ती कुणी कधी पाहिली नव्हती, खांदे पडलेली.

"तुझे पाच होते," दिग्ना म्हणाली. "माझे किती असतील, चार वर्षांचे, देवाला ठाऊक. मी तुला बसवलं आणि स्वतः जात राहिले. मला माफ कर, कोमाद्रे."

वर्षभर मार्लेनीने मनात या क्षणाची वाट बघितली असेल, तेव्हा तिच्या ओठांवर काय काय होतं. आता त्यातलं काहीच आठवेना.

"आजपासून चार उधाणं," दिग्नाने सगळ्यांना सांगितलं. "मी कांदळवनात पाऊल घालणार नाही. मुलांना शिक्षा नाही, माप माझं होतं. आणि हे सगळे लहान खुबे भरती चढायच्या आत परत चिखलात गेले पाहिजेत. उन्हात मरतील."

हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की नेणार कोण? शिक्षा आजपासून म्हटली ती तिनेच. बारा मुलं टोपल्या भरून उभी होती, पाणी चढायला लागलं होतं, आणि बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांचे खुबे घ्यायला व्यापारी यायचा होता.

मार्लेनीने चपला काढल्या. रबरी बूट चढवले. "चला रे," ती मुलांवर खेकसली, "बघत काय उभे राहिलात? आणि दाइरा, ती वही इथे ठेव, भिजेल. पट्टी घे."

दीड तासाने होडी परत आली. मुलं कानापर्यंत बरबटली होती, मार्लेनीही. दिग्ना धक्क्यावर बसून होती, उठून जायचं तिला सुचलंच नव्हतं. होसुए लांबूनच ओरडत होता की सगळे ठेवले, मुळाशी ठेवले, उभे ठेवले, तोंड वर करून. शनिवारांचं काय ठरलं ते कुणी विचारलंच नाही. मार्लेनी मुलीच्या केसांतला चिखल काढता काढता म्हणाली की पुढच्या वेळी हिला जुना फ्रॉक घालायला हवा.

पुढच्या शनिवारी दिग्ना पहाटेच धक्क्यावर आली. बरोबर करवत, चाकू आणि बांबूची एक लांब काठी. कांदळाला हात लावायचा नाही, म्हणून बांबू. तिने त्याच्या चपट्या कांबी काढल्या, साडेचार सेंटिमीटरचे तुकडे पाडले, प्रत्येकाला भोक पाडून दोरा ओवला. आखडलेल्या हातांनी एका तुकड्याला दहा मिनिटं लागत होती. दाइरा समोर मांडी घालून बसली होती आणि प्रत्येक तुकडा पट्टीला लावून बघत होती. दोन तुकडे तिने बाजूला काढले.

"काय झालं त्यांना?" दिग्नाने विचारलं.

"एक रेघ कमी."

"एका रेघेने काय होतंय?"

दाइराने पट्टी तिच्यापुढे धरली. दिग्नाने निमूटपणे ते दोन तुकडे पाण्यात फेकले आणि नवीन कापायला घेतले.

मुलं आली, प्रत्येकाच्या गळ्यात एकेक तुकडा पडला. मग बायका आल्या. आधी लाजत, माझ्या नातवासाठी हवा होता म्हणत, मग सरळ हात पुढे करून. मार्लेनीने आपला तुकडा गळ्यात घातला, केळीच्या पानात बांधलेले हिरव्या केळ्याचे गरम गोळे दिग्नाच्या शेजारी ठेवले आणि होडीकडे गेली. दोन महिने आता मुलांना तीच नेणार होती.

शेवटचा तुकडा दाइराच्या हातात राहिला. तिने तो तीनदा मापला. मग उठून, मागून येऊन तिने तो दिग्नाच्या गळ्यात घातला आणि दोऱ्याला गाठ मारली.

"मला कशाला?" दिग्ना म्हणाली. "मी बंद आहे."

"चार उधाणं संपल्यावर लागेल," दाइरा म्हणाली. "बोटाने मापायचं नाही हं, माद्रीना."

होडीतून मार्लेनीची हाक आली, ओहोटी काय तुझी वाट बघणार आहे का, चल. दाइरा पळाली. होडी फाट्याच्या वळणाआड जाईपर्यंत दिग्ना बघत राहिली. मग तिने गळ्यातला तुकडा वाकड्या बोटाला लावून पाहिला. बोट कमी भरलं. तिने तो झग्याच्या आत सोडला आणि फलकावरचे कपडे काढायला उठली.